खरेदीखत की सामाईक विहीर: आयनिक आणि सहसंयुज बंध हातानं तपासून ओळखायची रीत

लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. रासायनिक बंधांचा धडा आला की पूर्वी मी फळ्यावर दोन रकाने आखायचे. डावीकडे आयनिक, उजवीकडे सहसंयुज. द्रवणांक जास्त, द्रवणांक कमी. पाण्यात विरघळतं, विरघळत नाही. वीज वाहते, वाहत नाही. मुलं उतरवून घ्यायची, परीक्षेत तसंच्या तसं लिहायची, गुणही मिळायचे. मग एका वर्षी वर्गातच प्रयोग मांडला. बॅटरी, छोटा एलईडी, दोन वायरी, एका पेल्यात मिठाचं पाणी, दुसऱ्यात साखरेचं. मिठाच्या पाण्यात दिवा लागला. साखरेच्या पाण्यात वायरी बुडवल्या आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, साखरंच्या पाण्यात बी लागलाय की!”

खरंच लागला होता. मंद, पण लागला होता. शिवाय साखर पाण्यात चांगली विरघळली होती, म्हणजे फळ्यावरची तीही ओळ मुलांच्या डोळ्यांदेखत खोटी पडली. त्या तासाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी आल्यावर उलगडा झाला: दिवा साखरेनं लागलाच नव्हता, तो बोअरच्या पाण्यानं लागला होता. आमच्या भागातलं बोअरचं पाणी मुळातच क्षारांचं. भांडं चार दिवस तसंच ठेवलं तर कडेला पांढरी रेघ उमटते.

तेव्हापासून दोन रकान्यांपासून सुरुवात करणं मी सोडलं. आता मी मुलांना एकच प्रश्न धरून ठेवायला सांगते: इथे नेमकं काय सुटं होतंय? अख्खा रेणू, की आयन, म्हणजे प्रभार असलेला कण? हा प्रश्न हातात असला की रकाने आपोआप भरतात, आणि अपवाद आला तरी गोंधळ होत नाही. पुढची रीत विद्यार्थ्यांसाठी आहे, त्यांना शिकवणाऱ्यांसाठी आहे आणि मुलाला घरी अभ्यासाला बसवणाऱ्या आईवडिलांसाठीही आहे.

आधी इलेक्ट्रॉनचा सातबारा काढा

बंध जोडायचं काम अणूच्या बाहेरच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन करतात. सोडियमचे ११ इलेक्ट्रॉन २, ८, १ असे बसलेले असतात, क्लोरीनचे १७ इलेक्ट्रॉन २, ८, ७ असे. निऑन, अरगॉन या राजवायूंची बाहेरची कक्षा आठांनी भरलेली असते आणि ते सहसा कुणाशी संयोग पावत नाहीत. ही भरलेली कक्षा बाकीचे अणू कशी मिळवतात याची मांडणी १९१६ साली दोघांनी वेगवेगळी केली. जर्मनीत कोसेल यांनी इलेक्ट्रॉन देण्या-घेण्याची वाट दाखवली, अमेरिकेत लुईस यांनी जोडी सामाईक ठेवण्याची. ‘सहसंयुज’ या अर्थाचा इंग्रजी शब्द १९१९ मध्ये लँगम्यूर यांनी रूढ केला.

आपल्याकडच्या मुलांना हे जमिनीच्या कागदांवरून पटकन समजतं, म्हणून मी तसंच सांगते.

सोडियम आणि क्लोरीन यांच्यात खरेदीखत होतं. सोडियमचा बाहेरचा एक इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या नावावर जातो, फेरफार होतो. सोडियम २, ८ वर येतो आणि त्याच्यावर एक धनप्रभार राहतो. क्लोरीन २, ८, ८ वर जातो आणि त्याच्यावर एक ऋणप्रभार येतो. आता ते अणू राहिले नाहीत, आयन झाले. विरुद्ध प्रभारांमधली ही ओढ म्हणजे आयनिक बंध.

आता दोन क्लोरीन समोरासमोर आणा. दोघांकडे सात-सात. दोघांनाही एकच हवा, द्यायला कुणीच तयार नाही. मग बांधावर सामाईक विहीर पडते. दोघं एकेक इलेक्ट्रॉन घालतात आणि ती जोडी दोघांच्याही सातबाऱ्यावर चढते. पहिल्याचा सातबारा काढा: स्वतःचे सहा आणि सामाईक दोन, एकूण आठ. दुसऱ्याचा काढा: तेवढेच. विहीर एकच, नोंद दोन ठिकाणी. हा सहसंयुज बंध. गोबर गॅसमधल्या मिथेनमध्ये एका कार्बनभोवती चार हायड्रोजन असतात, म्हणजे चार सामाईक जोड्या. हवेतल्या नायट्रोजनच्या दोन अणूंमध्ये तीन जोड्या सामाईक असतात. तो बंध इतका पक्का आहे की हवेचा साधारण ७८ टक्के भाग नायट्रोजन असूनही सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंखेरीज शिवारात तो फारसा कुणाच्या कामी येत नाही.

एक गोष्ट इथेच नीट करून घेऊ. “सोडियमला इलेक्ट्रॉन देऊन टाकायचा असतो” असं आपण सहज बोलून जातो. ते खरं नाही. वायुरूप सोडियमच्या एका मोलमधून (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक, प्रचंड मोठी संख्या) दर अणूमागे एकेक इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्च होते. तो क्लोरीनला मिळाला की सुमारे ३४९ किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे नुसत्या देण्या-घेण्याचा हिशेब तोट्यात जातो. हा तोटा भरून निघतो तो पुढच्या टप्प्यावर, जेव्हा असंख्य धन आयन आणि ऋण आयन एकमेकांभोवती रचले जाऊन स्फटिक तयार होतो. त्या रचनेत दर मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. आयनिक पदार्थाचं बळ एका जोडीत नसून सगळ्या रचनेत आहे, हे या तीन आकड्यांवरून दिसतं. मीठ तापवलं, ठेचलं, भिजवलं तरी जे काही घडतं, ते याच कारणानं.

खडे मीठ भिंगाखाली

किराणा दुकानातून खडे मीठ आणा. त्यातला पारदर्शक, कोपरे शाबूत असलेला खडा निवडा आणि काळ्या कागदावर ठेवून भिंगातून किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठा करून बघा. पृष्ठभाग सपाट दिसतात, कोपरे काटकोनात. एका सोडियम आयनाभोवती सहा क्लोराईड आयन: वर, खाली, पुढे, मागे, उजवीकडे, डावीकडे. प्रत्येक क्लोराईडभोवती पुन्हा सहा सोडियम. हीच रचना वाढत वाढत डोळ्यांना दिसण्याएवढी झाली की घन आकार दिसतो. क्ष-किरणांच्या साहाय्यानं मिठाची ही आतली रचना ब्रॅग पितापुत्रांनी १९१३ मध्ये उलगडली. १९१५ चं नोबेल मिळालं तेव्हा मुलगा अवघा २५ वर्षांचा होता.

या रचनेत कुठला सोडियम कुठल्या क्लोरीनचा, हे सांगता येत नाही. सहा शेजाऱ्यांपैकी ‘आपला’ कोण? कुणीच नाही, किंवा सगळेच. म्हणून ‘मिठाचा रेणू’ हा शब्दप्रयोग चुकीचा आहे. सूत्रात एकास एक लिहितो ते केवळ प्रमाण असतं. साखरेचा मात्र रेणू असतो: १२ कार्बन, २२ हायड्रोजन, ११ ऑक्सिजन असे ४५ अणू एकमेकांना सहसंयुज बंधांनी बांधलेले.

तोच खडा जाड कापडात ठेवून वरून हलका ठोका द्या. तो वाकत नाही, चेपत नाही, सपाट पृष्ठभागावरून दुभंगतो. ठोक्यानं आयनांचा एक थर किंचित सरकतो, धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतात आणि ते एकमेकांना दूर लोटतात. आयनिक स्फटिक कठीण असूनही ठिसूळ का, याचं हे कारण. खडीसाखरही स्फटिकच असते, तेव्हा ‘स्फटिक दिसला म्हणजे आयनिक’ असं मात्र ठरवू नका.

तापवताना काय तुटलं ते विचारा

हा प्रयोग मोठ्या माणसानं करायचा, मुलांनी हातभर लांबून बघायचा. स्टीलची जुनी पळी पकडीत धरून त्यात चिमूटभर मीठ घ्या आणि गॅसवर तापवा. सुरुवातीला तडतडतं, कारण खड्यांत अडकलेलं पाणी बाहेर पडतं. मग शांत होतं आणि तसंच राहतं. मिठाचा द्रवणांक ८०१ अंश सेल्सिअस, घरच्या शेगडीवर पळीतलं मीठ सहसा वितळत नाही. पळी गार झाल्यावर तीत साखर घ्या. थोड्या वेळात ती वितळू लागते, पिवळी पडते, तपकिरी होते. साखर सुमारे १८६ अंशांना वितळते आणि लगेच तिचं विघटन होऊ लागतं.

इथे जवळपास प्रत्येक मुलगा एक चुकीचा निष्कर्ष काढतो: सहसंयुज बंध कमजोर, आयनिक बंध मजबूत. मीही पूर्वी असंच शिकवत असे. आता त्या जागी मी पाण्याचं उदाहरण देते. पाणी उकळून वाफ करायला मोलमागे सुमारे ४१ किलोज्यूल लागतात. पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायला मात्र सुमारे ४६३ किलोज्यूल लागतात. चहाचं आधण उकळतं तेव्हा त्यातला एकही सहसंयुज बंध तुटत नसतो. रेणू एकमेकांपासून फक्त दूर होतात, स्वतः अखंड राहतात. तसं नसतं तर वाफ झाकणाला लागून पुन्हा पाणी झालं नसतं.

कापूर हे त्याचं देवघरातलं उदाहरण. डबी उघडली की वास घरभर जातो, कारण कापराचे अख्खे रेणू सुटून नाकापर्यंत येतात. मिठाच्या बरणीत नाक घाला, वास नाही. तिथे सुटे होऊन हवेत जायला रेणूच नाहीत, सगळे आयन जागच्या जागी जखडलेले.

आणि सहसंयुज बंध किती पक्का असू शकतो ते बघायला फार लांब जायला नको. आपल्या शेतात नांगरताना पांढरट, काचेसारखी गारगोटी निघते. अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्या की उजेड चमकतो, हे खेड्यातल्या मुलांना माहीत असतं. दख्खनच्या काळ्या खडकातल्या पोकळ्यांत ती तयार होते. ती सिलिकॉन आणि ऑक्सिजनची, आणि तिच्यात सुटे रेणू नाहीतच. खड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे अणू सहसंयुज बंधांच्या जाळ्यात गुंफलेले. ती वितळवायला सुमारे १७०० अंश लागतात, मिठाच्या दुपटीहून जास्त. हिराही असाच, निव्वळ सहसंयुज बंधांचा. तेव्हा कमी द्रवणांकाचं कारण सहसंयुज बंधांत शोधू नका. ते रेणू-रेणूंमधल्या ओढीत असतं.

दिव्याची परीक्षा

सगळ्यात आधी सुरक्षेचं. घरच्या विजेचा, म्हणजे २३० व्होल्टच्या पिनेचा, या प्रयोगाशी कसलाही संबंध येऊ देऊ नका. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी पुरते.

सामान: ती बॅटरी, तिची टोपी, एक लाल एलईडी, ४७० ओहमचा रेझिस्टन्स, थोडी वायर, पेन्सिलीतली दोन शिसं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हे थोडक्यात मिळतं. बॅटरीच्या धन टोकाला रेझिस्टन्स, त्याला एलईडीचा लांब पाय, आखूड पायाला वायर आणि वायरीला एक शिस. बॅटरीच्या ऋण टोकापासून दुसरी वायर आणि तिला दुसरं शिस. दोन्ही शिसं एकमेकांना टेकवून दिवा लागतो का ते आधी बघा. न लागल्यास एलईडी उलटा जोडलेला असेल. पेन्सिलीतलं शिस म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमाती. ग्रॅफाइट कार्बनचं, बंध सहसंयुज, तरी वीज वाहून नेतं, कारण त्याच्या थरांमध्ये काही इलेक्ट्रॉन मोकळे असतात. वीज वाहायला मोकळा फिरणारा प्रभार लागतो. तो आयनाचा असो की इलेक्ट्रॉनचा.

आता पाणी. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या. बाटलीवरची चिठ्ठी वाचून घ्या, त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही असतं. डिस्टिल्ड वॉटर मिळालं नाही तर स्वच्छ भांड्यात थेट धरलेलं पावसाचं पाणी चालतं. नळाचं, बोअरचं, हातपंपाचं नको. माझा प्रयोग तिथेच फसला होता.

पहिली चाचणी नुसत्या पाण्याची. दिवा लागायला नको. लागला तर पुढे जाऊ नका, पाणी किंवा पेला बदला. ही पायरी लोक गाळतात, आणि नेमकी तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. दुसरी साखरेच्या पाण्याची: दिवा बंद. शिसं त्याच स्वच्छ पाण्यानं धुऊन तिसरी लिंबाच्या रसाची: मंद उजेड. मीठ शेवटी घ्या, कारण त्याचा अंश शिसाला राहिला तर पुढचे सगळे निकाल बिघडतात.

मीठ मात्र दोन टप्प्यांत तपासा. कोरड्या वाटीत कोरडं मीठ घेऊन त्यात दोन्ही शिसं बोटभर अंतरावर खोचा. दिवा लागत नाही. आता ड्रॉपरनं पाणी सोडा, एकेक थेंब. पहिले काही थेंब मिठात जिरतात आणि काहीच होत नाही. मग एका थेंबाला एलईडीच्या पोटात लाल ठिपका दिसतो. पुढच्या थेंबाला तो ठळक होतो. वर्गात या क्षणी मुलं उभी राहतात. आयन कोरड्या मिठातही होते, प्रभारही होता, पण जागा सोडता येत नव्हती. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची बाजू किंचित धन असते. त्यामुळे पाणी सोडियम आयनाला एका बाजूनं आणि क्लोराईडला दुसऱ्या बाजूनं वेढतं आणि स्फटिकातून ओढून काढतं. पाठ्यपुस्तकात याला विचरण म्हणतात. मीठ वितळवलं तरी ते वीज वाहून नेतं, कारण तिथेही आयन मोकळे होतात.

साखरही विरघळते, पण तिचं विचरण होत नाही. तिच्या रेणूवर हायड्रॉक्सिलचे, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीचे, आठ गट असतात, त्यांना पाणी धरून ठेवतं आणि ४५ अणूंचा रेणू जसाच्या तसा पाण्यात फिरत राहतो. प्रभार नाही म्हणून दिवा नाही. गुऱ्हाळात उसाचा रस आटवला की गोडवा परत हाती लागतो तो यामुळेच, रेणू मोडलेला नसतो.

मिठाचं पाणी जोडलेलं असताना शिसांवर बुडबुडे दिसतात आणि क्लोरीनचा उग्र वास येऊ शकतो. दहा-पंधरा सेकंदांत शिसं बाहेर काढा आणि खिडक्या उघड्या ठेवा.

क्षार पाण्यात गेल्यावर आपसूक प्रभारित कणांत विभागतात, वीज जोडायचीही गरज नसते, हे स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८८४ मध्ये आपल्या प्रबंधात मांडलं. उप्साला विद्यापीठाच्या परीक्षकांना ते पटलं नाही आणि प्रबंधाला अगदी खालची श्रेणी मिळाली. त्याच कामासाठी १९०३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हे मी वर्गात आवर्जून सांगते, विशेषतः चाचणीत कमी गुण पडलेल्या मुलांना.

टीडीएसचं पेन आणि ठिबकमधला युरिया

पाण्याच्या फिल्टरवाल्यांकडे असतं ते टीडीएसचं पेन प्रत्यक्षात क्षार मोजत नाही. ते पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतं. म्हणजे ते आपल्या दिव्याचंच आकडे दाखवणारं भावंड. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात १ ग्रॅम मीठ घाला, पेन हजाराच्या आसपास आकडा दाखवेल. तेवढ्याच पाण्यात १ ग्रॅम साखर घाला, आकडा जागचा फारसा हलणार नाही. दोन्हीकडे विरघळलेल्या पदार्थाचं वजन सारखंच आहे, पण पेनला आयन तेवढे दिसतात.

ही गोष्ट परीक्षेपुरती नाही हे मला एका पालकांमुळे कळलं. ते ठिबकवर टोमॅटो करतात. एका संध्याकाळी ईसी मीटर, म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते ते मोजणारं यंत्र, घेऊनच घरी आले. “मॅडम, मीटर बिघडलंय का बघा बरं. शून्य शून्य पन्नास टाकलं की काटा पळतोय, आन् युरिया टाकला तर जागचा हालंना.”

मीटर चांगलं होतं. त्यांच्यासमोरच दोन पेल्यांत डिस्टिल्ड पाणी घेतलं. एकात चिमूटभर ०:०:५०, म्हणजे पोटॅशियम सल्फेट, आकडा चढला. दुसऱ्यात चिमूटभर युरिया, ढवळून पूर्ण विरघळवला; आकडा जवळपास तिथेच. युरियात कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, सगळे अधातू आणि सगळे बंध सहसंयुज. तो १३३ अंशांच्या आसपास वितळतो आणि पाण्यात अख्ख्या रेणूंच्या रूपात राहतो. ४६ टक्के नत्र असूनही मीटरला तो दिसत नाही. मीटर वाढलं नाही म्हणून त्यांनी आणखी युरिया ओतला असता तर पिकाला झळ बसली असती. म्हणून युरियाचं प्रमाण नेहमी तोलून ठरवावं, मीटर बघून नव्हे. १९:१९:१९ सारख्या विद्राव्य खतांतही नत्राचा काही भाग युरियाच्या रूपात असतो. पिशवीवर नत्राची फोड छापलेली असते, ती वाचायची सवय लावून घ्यावी.

युरिया जमिनीत गेल्यावर गोष्ट बदलते. मातीतल्या युरिएज विकरामुळे त्याचे सहसंयुज बंध तुटतात आणि त्यातून अमोनियम आयन तयार होतो. आपल्या काळ्या जमिनीतल्या चिकणमातीच्या कणांवर ऋणप्रभार असतो, त्यामुळे धन अमोनियम तिला धरून राहतो. पुढे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट ऋण, त्याला माती धरत नाही आणि मोठ्या पावसात ते पाण्याबरोबर खाली निघून जातं. युरिया एकदम न देता हप्त्यांनी द्या असं कृषी सहायक सांगतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

नावावरून अंदाज

प्रत्येक पदार्थ दिव्याला लावून बघता येत नाही. मग घटक बघा. धातू आणि अधातू एकत्र असतील तर बहुधा आयनिक: सोडियम क्लोराईड, कॅल्शियम ऑक्साईड, पोटॅशियम क्लोराईड. सगळे अधातू असतील तर बहुधा सहसंयुज: पाणी, साखर, युरिया, कार्बन डायऑक्साईड. ‘बहुधा’ हा शब्द सोडू नका.

थोडं खोलात जायचं तर विद्युतऋणता बघा, म्हणजे सामाईक इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची अणूची ताकद. पुन्हा विहिरीवर जाऊ. विहीर दोघांची, पण एकाची मोटर पाच एचपीची आणि दुसऱ्याची तीनची. पाणी कुणाकडे जास्त जाणार? हायड्रोजन २.२० आणि क्लोरीन ३.१६. जोडी सामाईकच आहे, पण क्लोरीनकडे झुकलेली. अशा बंधाला ध्रुवीय सहसंयुज म्हणतात. सोडियम ०.९३, क्लोरीन ३.१६, फरक २.२३. इथे विहीर सामाईक म्हणायला अर्थच उरत नाही. फरक १.७ च्या वर गेला की आयनिक धरायचं असा ठोकताळा आहे, पण मध्ये भिंत नाही, उतार आहे. हायड्रोजन आणि फ्लोरिनमधला फरक १.७८ येतो, तरी हायड्रोजन फ्लोराईड १९.५ अंशांनाच उकळतं आणि ते सहसंयुजच आहे. ॲल्युमिनिअम धातू, क्लोरीन अधातू, तरी कोरडं ॲल्युमिनिअम क्लोराईड सुमारे १८० अंशांना सरळ वाफ होऊन उडतं. मिठासारखं वागतच नाही.

हायड्रोजन क्लोराईड आणखी फसवं. वायू असताना सहसंयुज, पाण्यात शिरला की आयन तयार करून दिवा झगझगीत पेटवतो. म्हणून दिव्याच्या परीक्षेतून एवढंच कळतं की या द्रावणात आत्ता आयन आहेत. मूळ पदार्थ कसा होता ते वेगळं विचारावं लागतं. लिंबाचा मंद दिवा आठवा: सायट्रिक आम्लाच्या थोड्याच रेणूंपासून आयन झालेले असतात.

उलट बाजूचा अपवाद नवसागर. अमोनियम क्लोराईडमध्ये एकही धातू नाही, तरी ते आयनिक. नायट्रोजन आणि चार हायड्रोजन सहसंयुज बंधांनी बांधून एक गट होतो, त्या अख्ख्या गटावर एक धनप्रभार असतो आणि तो गट सोडियमच्या जागी बसतो.

त्यामुळे ‘हा पदार्थ आयनिक की सहसंयुज’ हा प्रश्न कधी कधी अपुराच पडतो. खाण्याच्या सोड्यात सोडियम आणि बायकार्बोनेट यांच्यामध्ये आयनिक बंध, पण बायकार्बोनेटच्या आत सगळं सहसंयुज. तुरटी, मोरचूद आणि आपल्या रानात खडे होऊन निघणारी चुनखडी यांचंही तेच. सोडा पाण्यात गेला की सोडियम एकीकडे, बायकार्बोनेटचा गट दुसरीकडे. गट फुटत नाही. त्यावर लिंबू पिळल्यावर मात्र गट फुटतो आणि फसफसून कार्बन डायऑक्साईड बाहेर येतो.

वहीत काढताना

बोर्डाच्या पेपरात मुलांचे गुण इथे जातात. सोडियम क्लोराईड काढताना सोडियम आणि क्लोरीनमध्ये रेघ मारू नका, रेघ म्हणजे सामाईक जोडी. दोन्ही आयन वेगवेगळे काढा, भोवती चौकटी कंस, कंसाबाहेर वरच्या कोपऱ्यात प्रभार. एका अणूचे इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी आणि दुसऱ्याचे फुलीनं दाखवले की क्लोराईडभोवतीच्या आठांपैकी कुठला बाहेरून आला ते दिसतं. सहसंयुज रेणूत वर्तुळं एकमेकांवर येऊ द्या, सामाईक जोडी त्या छेदाच्या जागेत, कंस नाही, प्रभार नाही. काढून झालं की प्रत्येक अणूचा सातबारा पुन्हा मोजा. हायड्रोजनकडे दोन, बाकीच्यांकडे आठ. शेवटी सगळ्या अणूंचे मिळून मूळ बाहेरचे इलेक्ट्रॉन किती होते ते मोजून आकृतीतल्यांशी ताडा. पाण्यासाठी सहा आणि दोन, आठ. ऑक्सिजनवरच्या दोन मोकळ्या जोड्या विसरलेली मुलं इथे सापडतात.

आता दर वर्षी प्रयोगाच्या आदल्या दिवशी मी मुलांना आपापल्या घरचं पाणी बाटलीत आणायला सांगते. बोअर, आड, हातपंप, विकतचा जार, पत्र्यावरून धरलेलं पावसाचं. बाटल्या टेबलावर मांडतो आणि दिव्याच्या उजेडाप्रमाणे ओळीत लावतो. एका वर्षी एका मुलीनं घरी उरलेलं ओआरएसचं पाणी आणलं. पाकिटावर लिहिलेलं होतं: लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५, सोडियम सायट्रेट २.९ आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम. दिवा जोरात लागला. तिनं पाकीट वाचलं आणि विचारलं, “मॅडम, सगळ्यात जास्त तर ग्लुकोज हाय. ते कुठं गेलं?”

मी तोंड उघडायच्या आत शेजारची बोलली, “हितंच हाय की. दिव्याला दिसंना निस्तं.”